उमेदवारीचे श्रेयांक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्याविषयी बोलण्याचा पहिला अधिकार त्यांच्या विद्यार्थ्यांचा. मला ते भाग्य लाभले नाही. ते आमच्या वृत्तपत्राला अधूनमधून पत्र लिहीत आणि पत्र छापून आले की त्यात आमच्याकडून राहिलेली ऱ्हस्वदीर्घाची चूक दाखविणारे दुसरे पत्र पाठोपाठ येई, एवढाच आमचा परिचय. ते दुसरे पत्र आम्ही कधी छापले नाही. पण मुद्रितशोधकाच्या मेजावर मात्र ते न चुकता जात असे. विषयाची निवड संस्थेने माझ्यावर सोपविली, तेव्हा ती दुसरी पत्रे मला आठवली, आणि पत्रकारितेचे शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या उमेदवारीविषयी बोलावे असे मी ठरविले. या शाळेतून बाहेर पडून महाविद्यालयात गेलेली काही मुले-मुली अलीकडे माझ्याकडे एक छापील तक्ता घेऊन येतात आणि म्हणतात, ‘काका, एवढी सही द्या, चार क्रेडिट मिळतात.’ या चार क्रेडिटांत काय असते आणि काय असावयास हवे, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे.

आरंभी शब्दांचा निकाल लावू. क्रेडिटला ‘श्रेयांक’ हा शब्द आता रूढ झाला आहे आणि तो चांगला आहे. इंटर्नशिपला सरकारी मराठीने ‘आंतरवासिता’ असा शब्द दिला. तो कागदावर शोभतो, जिभेवर नाही. आपल्याकडे याला जुना, घरचा शब्द आहे : उमेदवारी. वकिलाकडे, वैद्याकडे, छापखान्यात, सराफी पेढीवर मुलगा उमेदवारी करी. त्यात उमेद आहे आणि अजून पदरी काही पडलेले नाही हेही आहे. मी तोच शब्द वापरणार आहे.

आता व्यवस्था काय आहे ती थोडक्यात सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीस १६० श्रेयांक सांगितले आहेत. वर्गातील व्याख्यानांचे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक. उमेदवारीचे किंवा क्षेत्रकार्याचे मात्र तीस तास भरावे तेव्हा एक. उमेदवारीला दोन ते चार श्रेयांक, म्हणजे साठ ते एकशेवीस तास. मिळालेले श्रेयांक जमा करून ठेवण्यासाठी २०२१ पासून एक राष्ट्रीय पेढीही निघाली आहे. आपल्या मध्यप्रदेशाने नवे धोरण २०२१-२२ पासूनच पदवी वर्गांना लागू केले आणि प्रकल्प, उमेदवारी, समाजसेवा यांना अभ्यासक्रमात जागा दिली. तेव्हा ही हौसेची गोष्ट राहिलेली नाही. मुलांना ती करावीच लागते.

तासांवरून विद्या मोजण्याची ही रीत आली कोठून, याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगी यांनी महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी १९०५ मध्ये एक कोटी डॉलर दिले. ते कोणत्या महाविद्यालयांना द्यावयाचे? तर ज्यांच्या प्रवेशाच्या अटी एका मापाच्या असतील त्यांना. त्या मापासाठी माध्यमिक शाळेतील एका विषयाचे वर्षाचे एकशेवीस तास म्हणजे एक ‘युनिट’ असे ठरले, आणि निवृत्तिवेतनाच्या आशेने १९०६ नंतर भराभर सगळ्यांनी ते माप स्वीकारले. म्हणजे विद्यार्थ्याला काय आले हे पाहण्यासाठी हा हिशेब जन्माला आलाच नव्हता. मास्तरांच्या म्हातारपणाची सोय लावण्यासाठी तो आला! आज आपल्या मुलांच्या तक्त्यावर पुन्हा एकशेवीस तासच असावेत हा निव्वळ योगायोग आहे, पण तक्ता पाहिला की मला तो आठवतो खरा.

त्याच काळात वृत्तपत्रविद्येचे शिक्षण विद्यापीठात आले. मिझुरी विद्यापीठात १४ सप्टेंबर १९०८ रोजी पत्रकारितेचे विद्यालय उघडले आणि त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी आपले वृत्तपत्र काढले. पाठ्यपुस्तक उघडण्याआधी अंक निघाला. हे वृत्तपत्र गावातले खरे वृत्तपत्र होते. संपादक म्हणून प्राध्यापक बसत आणि बातमीदार म्हणून विद्यार्थी फिरत. त्या विद्यालयाचे पहिले प्रमुख वॉल्टर विल्यम्स हे स्वतः छापखान्यात आणि वृत्तपत्रात वाढलेले. महाविद्यालयीन पदवी त्यांच्यापाशी नव्हती, आणि पुढे ते त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. मिझुरीतील व्यवस्थेतली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही, की बातमी दुरुस्त करणारा आणि गुण देणारा माणूस एकच होता. आपल्याकडे लाहोरला १९४१ मध्ये, नागपूरला हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये हे शिक्षण सुरू झाले. भोपाळला माखनलाल चतुर्वेदींच्या नावाचे विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले. परंतु आपल्या बहुतेक ठिकाणी दुरुस्त करणारा वृत्तपत्राच्या कचेरीत आणि गुण देणारा महाविद्यालयात, अशी फाळणी आहे, आणि या दोघांची गाठ पडते ती केवळ एका प्रमाणपत्रावर. आजच्या दुखण्याचे मूळ मला येथे दिसते.

श्रेयांक नव्हते तेव्हा काय होते, तेही पाहू. आपण इंदूरकरांनी त्याचा अभिमान बाळगावा असे ते आहे. १९४७ च्या जूनमध्ये येथे ‘नई दुनिया’ निघाला आणि पुढे त्याचे संपादकपद एका मराठी माणसाने, राहुल बारपुते यांनी, भूषविले. राजेंद्र माथुर महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत होते. त्यांना लिहिते केले ते या कचेरीने. प्रभाष जोशी १९६० च्या सुमारास खेड्यातील शिक्षकी सोडून तेथे आले. पुढे एक ‘नवभारत टाइम्स’चे संपादक झाले, दुसऱ्यांनी १९८३ मध्ये ‘जनसत्ता’ उभा केला. हिंदी पत्रसृष्टीत त्या कचेरीला पाठशाळा म्हणत. तेथे तास मोजले गेले नाहीत, तक्ते भरले गेले नाहीत. त्याहीपूर्वी काशीत जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर १९०६ मध्ये कलकत्त्यास ‘हिंदी बंगवासी’त गेले, तेथे त्यांचे मामा सखाराम गणेश देऊस्कर बंगालीत लिहीत होते. मराठी घरातला मामा बंगाली लेखक आणि भाचा हिंदी संपादक! ‘आज’चे पराडकर घडले ते कोणत्या महाविद्यालयात, असे कोणी विचारीत नाही.

हे ऐकून आपल्यापैकी काहींना वाटेल की जुनेच बरे होते. माझे मत तसे नाही. ती जुनी उमेदवारी ज्याला कचेरीचे दार उघडून मिळाले त्यालाच मिळाली. कोणाच्या ओळखीने, कोणाच्या चिठ्ठीने, क्वचित कोणा थोर संपादकाच्या पारखी नजरेने. मी नोकरीस लागलो तेव्हा आमच्या संपादकीय विभागात एकही स्त्री नव्हती, आणि याचे कोणाला नवल वाटत नव्हते. आज देपालपूरच्या शेतकऱ्याची मुलगी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून वृत्तपत्राच्या कचेरीत जाऊ शकते; महाविद्यालयाने तिच्यासाठी पत्र द्यावे लागते, जागा शोधावी लागते. श्रेयांकांनी हे दार उघडले. ते उघडे राहावे असे वाटते म्हणूनच आत काय चालते त्याकडे बारकाईने पाहिले पाहिजे.

मी निवृत्त झाल्यावर एका महाविद्यालयाने मला बाह्य परीक्षक म्हणून बोलाविले. महाविद्यालयाचे नाव सांगत नाही, कारण जे तेथे पाहिले ते अन्यत्रही असणार. तीसेक फायली समोर होत्या. प्रत्येकीत वृत्तपत्राच्या किंवा वाहिनीच्या कागदावरचे प्रमाणपत्र, रोजच्या कामाची नोंदवही, शेवटी अहवाल आणि कात्रणे. नोंदवह्या वाचताना एकच वाक्य पानोपानी भेटू लागले : ‘आज संपादन शिकलो.’ मी एका मुलाला विचारले, ‘बाळ, कोणते वाक्य खोडलेस? का खोडलेस?’ तो गोंधळला. त्याचा दोष नव्हता. त्याच्या मेजावर प्रसिद्धिपत्रके येत आणि ती तो टंकित करून पुढे पाठवी. तशी चौदा कात्रणे त्याने नीट डकविली होती. काही अहवालांची भाषा इतकी गुळगुळीत आणि एकसारखी होती की ती मुलांची वाटेना. हल्ली यंत्राला सांगितले की असा अहवाल घटकाभरात तयार होतो, त्यामुळे अहवाल वाचून उमेदवारी तपासण्याचे दिवस संपलेच आहेत.

त्या ढिगात एका मुलीची फाईल होती. कात्रण एकच, चार ओळींचे, तिचे नावही न छापलेले. पण त्यामागे तीन कागद टाचलेले होते. पहिला तिचा कच्चा मजकूर : अमुक वस्तीत पंधरा दिवसांपासून पाणी नाही, रहिवाशांत तीव्र रोष. आपल्या शहरात नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, तेव्हा अशा बातमीला वाचक असतोच. या मजकुरावर वृत्तपत्रातल्या उपसंपादकाने लाल शाईने तीन प्रश्न लिहिले होते. किती घरे? कोणत्या टाकीचे पाणी? ‘रोष’ कोणी बोलून दाखविला? ती दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला, नळ सुटण्याच्या वेळी, पुन्हा त्या वस्तीत गेली. तेव्हा दिसले की वस्तीच्या दोन गल्ल्यांपैकी खालच्या गल्लीत पाणी व्यवस्थित येत होते. वरची गल्ली चढावर, जलवाहिनीच्या टोकाला, तेथवर दाब पोहोचत नव्हता. उपयंत्र्याने झडप तपासण्याचे कबूल केले आणि तारीख दिली. पंधरा दिवस हा आकडा एका गृहस्थांचा होता. शेजारच्या बाईंच्या मते आठ. दुसरा कागद हा या भेटीचा वृत्तान्त, तिसरा उपसंपादकाने कापून चार ओळींवर आणलेला मजकूर. छापलेल्या बातमीत वरच्या गल्लीतील घरांची संख्या होती आणि उपयंत्र्याने दिलेली तारीख होती. ‘तीव्र रोष’ गेला होता.

आता गुण द्यावयाचे होते. गुणपत्रकात रकाने होते : उपस्थिती, प्रसिद्ध बातम्यांची संख्या, अहवाल, सादरीकरण, तोंडी परीक्षा. चौदा कात्रणांच्या मुलापुढे एका कात्रणाची ही मुलगी संख्येच्या रकान्यात पार मागे पडली. मी विभागप्रमुखांना म्हटले, ‘सर, या तीन टाचलेल्या कागदांसाठी रकाना कोठे आहे?’ ते सज्जन गृहस्थ. त्यांनी पत्रक उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, ‘सादरीकरणात घालू या.’ पंचवीस-तीस तासांच्या खऱ्या शिक्षणाला शेवटी फाईल नीटनेटकी लावण्याच्या रकान्यात आसरा मिळाला.

या मुलीबद्दल तेथे आणखी एक आक्षेप निघाला, आणि तो आपल्या समाजाशी निगडित आहे. तिची टिपणवही मराठीत होती. घर मराठी, बातमी हिंदीत, टिपणे मराठीत. एका परीक्षकांना हे शिस्तीला सोडून वाटले. मला विचाराल तर टिपणवहीची भाषा ही बातमीदाराची खासगी बाब आहे. धावत्या वेळी ज्या भाषेत हात चालतो त्या भाषेत लिहावे. परंतु दोन भाषांच्या सीमेवर बसलेल्या मुलाला एक गोष्ट मुद्दाम शिकवावी लागते, ती ही, की सारखे दिसणारे शब्द दगा देतात. मराठीत शिक्षा होते ती अपराध्याला, हिंदीत शिक्षा मिळते ती विद्यार्थ्याला. हिंदीतली चेष्टा म्हणजे प्रयत्न. विधानसभेत ‘संशोधन’ आले म्हणजे कोणी शोध लावलेला नसतो, विधेयकात दुरुस्ती सुचविलेली असते. आमच्या कचेरीत मराठी घरातून आलेल्या नवख्याच्या हाती पहिल्याच आठवड्यात मी अशा शब्दांची यादी देत असे. बेळगाव, हैदराबाद, बडोदे येथे भाषा बदलतील, अडचण हीच राहील. असे काही श्रेयांकाच्या तक्त्यात कोणी लिहीत नाही. वास्तविक हे शिक्षण दुसऱ्या कोणत्या वर्गात मिळणार?

पैशाचा प्रश्नही बाजूला ठेवता येत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मुलांना मानधन मिळत नाही. देवासहून रोज बसने येणाऱ्या मुलाचे भाडे आणि दुपारचे जेवण घरूनच जाते. अमेरिकेत यावर न्यायालयात झगडा झाला. तेथे हर्स्ट या मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या मासिकांत बिनपगारी उमेदवारी केलेल्यांनी २०१२ मध्ये वेतनासाठी दावा लावला. उमेदवाराला महाविद्यालयाचे श्रेयांक मिळत असल्याचे पत्र ही संस्था आधीच मागून घेत असे. २०१५ मध्ये तेथील अपील न्यायालयाने कसोटी सांगितली ती अशी : या संबंधातून मुख्य लाभ कोणाला होतो, उमेदवाराला की मालकाला? त्याचा निर्णय करताना जे मुद्दे पाहावयाचे त्यांत श्रेयांक मिळतात का हा एक, आणि उमेदवाराच्या कामाने पगारी माणसाची जागा तर घेतली नाही ना, हा दुसरा. २०१७ मध्ये त्या मासिकांच्या उमेदवारांचा दावा अखेर फेटाळला गेला, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या श्रम खात्याने हीच कसोटी स्वीकारली. म्हणजे श्रेयांक हा तेथे वेतन न देण्याच्या बाजूचा एक पुरावा ठरला. त्यातून विद्यार्थी श्रेयांकांसाठी महाविद्यालयाला शुल्क भरतो; काम करावयाचे, पगार नाही, आणि पैसे त्यानेच भरावयाचे!

कायदा तेथला, त्याला येथे आणून बसविण्याचे कारण नाही. कसोटी मात्र मला उपयोगी वाटते. चौदा प्रसिद्धिपत्रके टंकित करणारा मुलगा कोणाच्या लाभासाठी बसला होता? त्या मेजावर पूर्वी एक पगारी माणूस बसत असे, हे मला ठाऊक आहे. आणि त्या मुलीला तीन प्रश्न विचारणारा उपसंपादक? त्याने स्वतःचा वेळ खर्चिला. बातमी एक दिवस उशिरा गेली. कचेरीला मिळाल्या चार ओळी. येथे लाभ कोणाचा हे विचारावे लागत नाही. वृत्तपत्राला अशी माणसे परवडत नाहीत, अशी तक्रार मी ऐकतो, आणि ती अगदीच खोटी नाही. पगारी माणसे कमी झालेल्या विभागात नवख्याची कॉपी घेऊन बसायला सवड कोणाला? म्हणून महाविद्यालयाने कमी मुले पाठवावीत, आणि ज्या कचेरीत कोणी एक माणूस नावानिशी जबाबदारी घेईल तेथेच पाठवावीत. आयोगाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही कचेरीतील पर्यवेक्षक आणि महाविद्यालयातील मार्गदर्शक अशी दोन माणसे कल्पिलेली आहेत. त्या दोघांनी एकशेवीस तासांत दोनदा तरी समोरासमोर बसावे, एवढे झाले तरी मिझुरीची निम्मी गोष्ट साधेल.

माझे मागणे फार लहान आहे. गुणपत्रकातील ‘प्रसिद्ध बातम्यांची संख्या’ हा रकाना काढावा. त्या जागी विद्यार्थ्याच्या पाच बातम्यांचा कच्चा मजकूर, दुरुस्त केलेला मजकूर आणि छापलेला किंवा न छापलेला अखेरचा मजकूर मागवावा. हाताची टिपणवही मागवावी, ती कोणत्याही भाषेतली असो. तोंडी परीक्षेत त्यातले एखादे खोडलेले वाक्य काढून ‘हे का गेले?’ एवढेच विचारावे. न छापलेल्या बातमीलाही गुण मिळावेत, कारण माहिती पुरी न मिळाल्याने बातमी थांबविणे हे आमच्या धंद्यातील अर्धे काम आहे. रात्रपाळीचे तास मुलींच्या बाबतीत परतीच्या वाहनाची सोय असेल तरच धरावेत. येथे मी तडजोडीला तयार नाही. प्रवासखर्च महाविद्यालयाने द्यावा की कचेरीने, यावर भांडण होईल. ते होऊ द्यावे, पण तो मुलाच्या अंगावर टाकू नये.

शेवटी या शाळेसंबंधी. संस्थेने मला येथील हस्तलिखित मासिकाचे जुने अंक पाहावयास दिले, त्याबद्दल मी ऋणी आहे. सुबक अक्षर, सुंदर मुखपृष्ठे. एकाही अंकासोबत कच्चे कागद ठेवलेले नाहीत. ते रद्दीत गेले असणार, सगळीकडे जातात. यंदाच्या अंकापासून ते ठेवावेत अशी विनंती आहे. मुलाने प्रथम काय लिहिले, बाईंनी काय विचारले, मग त्याने काय बदलले. ग्रंथालयातील खिडकीजवळच्या कपाटाचा खालचा खण रिकामा आहे, मी मघाशी पाहिला. तो पुरेल. पुढल्या डिसेंबरात मी येऊन ते कागद वाचीन, आणि ज्या मुलांना पुढे या धंद्यात यावयाचे आहे त्यांच्याबरोबर एक दुपार बसेन.